पलीकडच्या शाळेतली चौदा पावलं

दिनांक १२ जून २००५, रविवार. रक्कम पंधराशे रुपये, अनामत म्हणून. ठिकाण तीर्थपुरी, एसटी स्टँडसमोरचं टेलिफोन बूथ. हजर चार जण: बूथचे मालक अन्वरभाई, त्यांची थोरली बहीण शमीमआपा, पुण्याच्या एका संस्थेकडून आलेला परांजपे नावाचा तरुण, आणि मी. पावतीवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तिची नक्कल माझ्याजवळ आहे, त्यामुळे तारीख आणि आकडा आठवणीवर सोडलेला नाही.

पैसे शमीमआपांनी दिले. त्यांनी आदल्या मंगळवारी दोन शेळ्या विकल्या होत्या. मी पैसे देऊ केले होते, पण अन्वरभाई म्हणाले, "मोजणीसाहेब, तुमचे पैसे घेतले तर मला रोज तुमच्या पायाचा आवाज ओळखून लपावं लागंल. शेळ्याच बऱ्या."

पंधराशे रुपये भरून घेऊन संस्थेनं त्यांना एक जुना संगणक, कानाला लावायचा एक संच आणि एक सीडी वापरायला दिली. जन्मल्यापासून घरात बसून असलेल्या अंध मुलांसाठी संस्थेनं संगणकात एक शाळा बांधली होती. तिला पडद्यावर चित्र नव्हतं, सगळी शाळा आवाजाची. कानाला संच लावायचा, वरच्या बाणाची कळ एकदा दाबली की एक पाऊल पुढं. फाटक करकरायचं, पायाखाली खडी वाजायची, पुढं गेलं की फरशी. डावीकडं नळ ठिबकत असेल तर तो डाव्या कानात ठिबकायचा. मोठी कळ दाबली की टाळी वाजायची, म्हणजे मागच्यांना कळावं की पुढचा कुठं आहे. गावोगावची मुलं टेलिफोनच्या तारेवरून एकाच वेळी त्या शाळेत येऊ शकत होती. त्यांना आत घेऊन फिरवायला, शिकवायला संस्थेला अंध मार्गदर्शक हवे होते. सहा महिने शिकायचं, मग परीक्षा. पास झालं तर महिना अडीच हजार.

संस्था त्याला आभासी शाळा म्हणायची. अन्वरभाई 'पलीकडची शाळा' म्हणायचे. टेलिफोनवाल्या माणसाला जे तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे ते सगळं पलीकडचंच.

अन्वरभाईंना चार वर्षांचे असताना देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. औरंगाबादला अंधशाळेत ते दहावीपर्यंत शिकले, टाइपरायटर शिकले, आणि परत येऊन बारा-तेरा वर्षं खुर्च्या विणत बसले. १९९२ साली अपंगांच्या कोट्यातून त्यांना बूथ मिळालं. मी भूमिअभिलेख खात्यात मोजणीदार. १९९३ साली बदलीवर तीर्थपुरीला आलो. घरी फोन नव्हता, त्यामुळे ओळख पहिल्याच आठवड्यात झाली.

मी सासुरवाडीला फोन लावत होतो. घंटी वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. काउंटरवरून आवाज आला, "ठेवा साहेब. घरात कुणी न्हाई."

"तुम्हाला काय माहीत?"

"रिकाम्या घरातली घंटी येगळी वाजती."

मला असल्या गोष्टी पटत नाहीत. माझी नोकरी साखळी टाकून जमीन मोजायची. जे मोजता येत नाही त्याच्यावर मी सही करत नाही. मी वहीच्या मागच्या पानावर टिपायला सुरुवात केली. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी माझ्यासमोर अकरा वेळा सांगितलं की पलीकडं कुणी नाही. नऊ वेळा कुणी उचललं नाही. टेलिफोनच्या लाइनमनला मी विचारलं, तर तो हसला. म्हणाला, "ऐकू येणारी घंटी त्या घरातली नसतीच, ती एक्सचेंजच तुमच्या कानात वाजवतं." मी मोठ्या समाधानानं ते अन्वरभाईंना सांगितलं.

ते म्हणाले, "मंग एक्सचेंजला बी कळत आसंल."

अंगानं किरकोळ, पांढरा पायजमा, खिशात नेहमी काडेपेटीचे चार खोके. एकात पावल्या, एकात आठ आणे, एकात रुपये, एकात दोन रुपये. गावातले बहुतेक नंबर तोंडपाठ. लोक चिठ्ठी पुढं करायचे आणि ओशाळायचे. ते म्हणायचे, "वाचा काका, मला आज चष्मा सापडंना झालाय." बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यातली माणसं फोनवर जिवाच्या आकांतानं ओरडायची. त्यांना ते शांतपणे सांगायचे, "हळू बोला. वायर बहिरी न्हाई, मी आंधळा हाय."

मौतीच्या फोनचे पैसे ते घेत नसत. त्यांना ते कसं कळायचं, तर माणूस पलीकडचं ऐकून गप्प झाला की. फोनच्या खोकीचं दार उघडून त्याला स्वतःच्या स्टुलावर बसवायचे आणि मशीनमधून निघालेली चिठ्ठी चुरगाळून टाकायचे. एकदा एका माणसाला लॉटरी लागल्याचं कळलं आणि तोही गप्प झाला. त्याचेही पैसे सुटले. मी ते सांगितल्यावर म्हणाले, "दोन्ही टायमाला माणूस सारखाच चूप होतो, साहेब. आवाजात फरक न्हाई."

२००३-०४ मध्ये तीर्थपुरीत मोबाइल आले आणि दोन वर्षांत बूथ बसलं. ज्या काउंटरवर दिवसाला शंभर-सव्वाशे फोन व्हायचे तिथं मी एका बुधवारी मोजले, तर नऊ झाले. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. शमीमआपा विधवा, त्या शिवणकाम करायच्या आणि त्यांचीही नजर उतरली होती. दोघांचं घर त्या काउंटरवर चालत होतं. म्हणून संस्थेचं पत्र आलं तेव्हा मी ते त्यांना तीनदा वाचून दाखवलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं ते अडीच हजारांसाठी नव्हे, त्यातल्या एका ओळीसाठी. 'इयत्ता पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी.'

"म्हंजे मास्तर?" त्यांनी विचारलं.

"मार्गदर्शक लिहिलंय."

"तुम्ही मास्तर वाचा."

संगणक काउंटरवर ठेवला. इंटरनेट त्याच टेलिफोनच्या लाइनवरून चालायचं, म्हणजे अन्वरभाई पलीकडच्या शाळेत गेले की बूथ बंद. उरलेली गिऱ्हाइकं दारात उभी राहून निघून जायची. संगणकातून एक बाई हिंदीत बोलायची, 'आगे', 'दीवार', 'दरवाज़ा', आणि मराठी शब्द आला की त्याचे तुकडे करायची. पहिल्या दिवशी अन्वरभाईंनी बाण दाबला, फाटक करकरलं आणि ते दचकून मागं सरकले. खुर्ची भिंतीला लागली. मग हसले आणि पुन्हा दाबलं.

त्यांची चालायची पद्धत आता लिहून ठेवली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ते एक पाऊल टाकायचे आणि थांबायचे. मान थोडी डावीकडं, मग उजवीकडं. नळ कुठं आहे, कबुतरं कुठं घुमतायत, वर्गातला पंखा किती लांब आहे. मग दुसरं पाऊल. तीर्थपुरीच्या बाजारातही ते असेच चालायचे, काठी जवळजवळ न टेकता. ते म्हणायचे, "जागा आपल्याला बोलावती. आपण निसतं जायचं."

ऑगस्टपासून त्यांना पाच मुलं दिली. ती जाफराबाद तालुक्यातली होती. तिथल्या एका संगणक क्लासच्या खोलीत बुधवारी आणि रविवारी त्यांना आणून बसवायचे. मुलांचं बोलणं क्लासवाला टाइप करायचा आणि ते इकडं मशीनमधली बाई बोलून दाखवायची. अन्वरभाईही टाइप करूनच उत्तर द्यायचे. त्यात कावेरी नावाची अकरा वर्षांची मुलगी होती. ती महिन्याभरात स्वतः टाइप करायला शिकली. तिचं जग तोवर घरापासून न्हाणीपर्यंतचं होतं. आई रोजगाराला जायची तेव्हा तिला पलंगाच्या पायाला ओढणीनं बांधून ठेवायची, विहीर जवळ होती म्हणून. हे कावेरीनंच टाइप केलं होतं, तक्रार म्हणून नव्हे. सरांनी विचारलं होतं, तू शाळेत का गेली नाहीस.

त्या दिवशी संगणक बंद केल्यावर अन्वरभाईंनी संच उतरवून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "साहेब, ती पोरगी आज तिकडं पळाली. फाटकापासून नळापर्यंत. म्या म्हणलं हळू, तर म्हणती, सर, इथं विहीर न्हाई ना? म्या म्हणलं न्हाई. मंग पुन्हा पळाली."

शाळेत ते तिला पुढं ठेवायचे नाहीत, आपल्या मागोमाग ठेवायचे. 'सर, टाळी वाजवा,' असं ती टाइप करायची, ते वाजवायचे आणि ती त्या दिशेला यायची. संस्थेनं सांगितलं होतं की मार्गदर्शक पास झाला तर ही तुकडी पुढं चालू राहील, नाही तर बंद.

परीक्षेचा नियम असा होता: फाटकापासून ग्रंथालयापर्यंत पाचही मुलांना दहा मिनिटांच्या आत न्यायचं, मग तिथं पंधरा मिनिटं धडा. बाहेरच्या कुणाचीही मदत घ्यायची नाही. पुण्याहून परीक्षक ऐकत राहणार. नोव्हेंबरात मी घड्याळ लावून बघितलं. अन्वरभाईंना अठरा मिनिटं लागली. दुसऱ्यांदा सतरा.

इथं माझा भाग सुरू होतो आणि तो मी कमी करून सांगणार नाही.

मी म्हणालो, "अन्वरभाई, प्रत्येक पावलाला थांबून कसं होईल? पावलं मोजा. आकडा पाठ करा."

"आकड्यानं रस्ता लागतो का साहेब?"

"बारा वर्षं मी इथं आकड्यावर लोकांच्या हद्दी ठरवतोय. शेजारी शेजाऱ्याचा जीव घ्यायला उठतो, तो आकडा दाखवला की खाली बसतो."

मी संचाचा एक कान माझ्या कानाला लावून ती शाळा मोजली. चार संध्याकाळी लागल्या. फाटकापासून नळाच्या रेषेपर्यंत चौदा पावलं. तिथून डावीकडं वळून व्हरांड्याच्या टोकापर्यंत बावीस. तिथून उजवीकडं ग्रंथालयाचं दार नऊ. एकूण पंचेचाळीस. शेताचा करतो तसा नकाशा केला. पाटावर खिळे ठोकून त्यांना सुतळी ताणली आणि प्रत्येक पावलाला एक गाठ मारली, म्हणजे बोटांना कळावं. शमीमआपांनी तो पाट बघून माझं कौतुक केलं. मला बरं वाटलं, हेही सांगतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अन्वरभाईंची वेळ नऊ मिनिटांवर आली, मग सातवर. चौदा, डावीकडं, बावीस, उजवीकडं, नऊ. बोटं थांबतच नव्हती. मी वहीत रोजची वेळ लिहीत होतो आणि ती उतरत होती.

एका संध्याकाळी त्यांनी संच काढून काउंटरवर ठेवला.

"आकडा बराबर हाय साहेब. बिलकुल बराबर. पर शाळा गेली."

"कुठं गेली?"

"पैले मी तिथं जात होतो. आता हिथंच बसून मोजून राह्यलो. नळ वाजतो का न्हाई ते बी आज ध्यानात न्हाई."

"परीक्षा होऊ द्या," मी म्हणालो. "पास झालात की मग वर्षभर हवा तेवढा नळ ऐका."

ते हसले. "हे खरं. अडीच हजाराचा नळ."

परीक्षा १८ डिसेंबर २००५, रविवार, सकाळी दहाला. वीज अकराला जायची, म्हणून दहा. बूथमध्ये आम्ही तिघं. शमीमआपांनी नवा पायजमा इस्त्री करून दिला होता. पलीकडून कोणी बघणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी. मला तिथं थांबायची परवानगी वीज किंवा लाइन गेली तर बघायला होती. अन्वरभाईंनी रिसीव्हर कानाला लावला, लाइन ऐकली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आज लाइन येगळी वाजून राह्यली."

"कशी?"

"रिकामी. पलीकडं कुणी न्हाई असं."

"पाच मुलं आहेत, पुण्याचे परीक्षक आहेत," मी म्हणालो. "मनातलं काढून टाका. आकडे म्हणा."

त्यांनी पुटपुटून आकडे म्हटले. मग जोडणी झाली. एकेका मुलाचं नाव मशीननं घेतलं. शेवटी कावेरीनं टाइप केलं, 'सर, आम्ही तयार आहे.'

फाटक करकरलं. अन्वरभाईंची बोटं चालू लागली. संचाचा दुसरा कान माझ्या कानाला होता. खडी वाजत होती, एक, दोन, तीन. मागून मुलांची पावलं. मी त्यांच्याबरोबर मोजत होतो. बारा, तेरा, चौदा.

चौदाला ते थांबले. वळले नाहीत. मान थोडी तिरपी केली. नळाचा आवाज मलाही ऐकू येत होता. तो डाव्या कानात यायला हवा होता. तो समोरून येत होता, दोन्ही कानांत सारखा. ते मला कळलं का? आवाज कळला. त्याचा अर्थ मी लावला नाही, कारण माझ्यापाशी आकडा होता. घड्याळात सेकंद जात होते. त्यांचं बोट कळेवर नुसतं टेकलेलं होतं.

मी हळूच म्हणालो, "चौदा झाले. वळा."

ते वळले.

नंतर पुण्याहून निकालाबरोबर एक कागद आला, त्यात त्या दिवसाची प्रत्येक हालचाल छापलेली होती. अन्वरभाईंनी कळ चौदा वेळा दाबली होती. पावलांचा आवाज आमच्याच सीडीतून येत होता, म्हणून तो चौदा वेळा आला. पण खराब लाइनवरून पलीकडं पावलं पोचली अकरा. तीन वाटेत गेली. आम्ही नळाच्या तीन पावलं अलीकडं वळलो होतो.

मोजणीखात्यात पहिल्या महिन्यात शिकवतात की साखळी ढिली धरली तर आकडा खरा येतो आणि जमीन खोटी येते. मी हे कितीतरी शिकाऊ पोरांना सुनावलं आहे.

नळाच्या अलीकडं, कंपाउंडची भिंत आणि इमारत यांच्यामध्ये एक फट होती. तिच्या पलीकडची जागा संस्थेनं अजून बांधायला घेतली नव्हती. तिथं भिंत नव्हती, फरशी नव्हती, म्हणून आवाजही नव्हता. अन्वरभाई बावीस पावलं त्यात आत गेले आणि पाच मुलं त्यांच्या मागं. चौथ्या-पाचव्या पावलालाच खडी वाजायची बंद झाली. नळ बंद झाला, पंखा बंद झाला. मी आयुष्यात तशी शांतता ऐकलेली नाही. रानात रात्रीसुद्धा काही तरी वाजत असतं. बोटं मात्र आकड्यावर होती आणि बाविसाला थांबली. उजवीकडं वळून नऊ. दार नाही. मशीनमधली बाईसुद्धा काही बोलेना, तिच्याकडं त्या जागेसाठी शब्द नव्हता.

मग कावेरीचं टाइप केलेलं आलं. 'सर इथं काय आहे.'

अन्वरभाईंनी मागं वळायचा प्रयत्न केला. पण मागं म्हणजे कुठं, हे सांगायला काही वाजत नव्हतं.

'सर इथं काहीच नाही.'

'सर टाळी वाजवा.'

त्यांनी वाजवली. पुन्हा वाजवली. आठ-दहा वेळा.

'सर टाळी सगळीकडून येते.'

त्यांच्या कपाळावरून घाम गालावर आला होता. डिसेंबर होता. ते मोठ्यानं बोलले, कळफलक विसरून, "बाळा, हितंच थांब. हलू नको. म्या आलो." ते ऐकायला बूथमध्ये शमीमआपा आणि मी होतो.

मग मुलांची नावं एकेक करून गेली. मशीननं ती जाताना घेतली, येताना घेतली तशीच. कावेरीचं शेवटी. तिच्या नावाआधी एक वाक्य आलं. 'सर विहीर आहे का.' त्यांनी 'नाही' टाइप केलं. ते पोचलं की नाही, पुण्याच्या कागदात त्याची नोंद नाही.

परीक्षकांनी फोन लावला. पहिला प्रश्न नियमाप्रमाणे होता: कुणी मदत केली का, बाजूला कुणी बोललं का?

अन्वरभाई म्हणाले, "न्हाई साहेब. माझ्याच पायाची चूक झाली."

मी तिथंच उभा होतो. बोललो नाही. बोललो असतो तरी मदत घेतली म्हणून ते बादच झाले असते, हा हिशेब मी तेव्हाच मनात केला होता, आणि नंतर बरेच दिवस तोच धरून बसलो.

निकालाच्या कागदावर 'अनुत्तीर्ण' आणि शेरा होता, 'दिशाभान अपुरे.' मी तो वाचून दाखवला. त्यांनी एकदाच वाचायला लावला.

मी संस्थेला चार पानी पत्र लिहिलं. चौदा आणि अकराचा फरक दाखवला, बांधायची राहिलेली जागा दाखवली, नकाशा जोडला. सगळं खरं लिहिलं, फक्त 'चौदा झाले, वळा' हे तीन शब्द लिहिले नाहीत. उत्तर आलं की मुद्दा रास्त आहे, फेरपरीक्षा वर्षानं घेता येईल. पुढच्याच महिन्यात दुसरं पत्र आलं की उपक्रम थांबवला आहे. संगणक परत न्यायला परांजपे फेब्रुवारीत आला. मी त्याला बाजूला घेऊन कावेरीचं विचारलं. क्लासवाल्यानं त्याला सांगितलं होतं की तिची आई दोनदा तिला घेऊन आली, पण कावेरीनं संच कानाला लावू दिला नाही. आता घरीच आहे.

"बांधलेली असती है क्या पूछो," शमीमआपा मागून म्हणाल्या. त्यांना ओढणीची गोष्ट माहीत होती. परांजपे खाली बघून वायरी गुंडाळत राहिला.

अन्वरभाईंनी माझ्याशी बोलणं तोडलं नाही, उलट मी टाळत होतो. मी गेलो की ते "या मोजणीसाहेब" म्हणायचे, चहा सांगायचे. पण एक फरक झाला. बाजारात ते भिंतीला हात लावून चालू लागले. काठी टेकून, चाचपत, इतर आंधळे चालतात तसे. एकदा माझ्यासमोर त्यांनी एका पोराला विचारलं, "स्टँड कोणत्या अंगाला हाय रे?" स्टँड त्यांच्या समोर होता, एसटी सुरू होऊन घुरघुरत होती. मी हात धरायला पुढं झालो. ते म्हणाले, "राहू द्या. मला ऐकू येऊन राह्यलं. पर खरं हाय का न्हाई ते कळंना."

२००६च्या ऑगस्टमध्ये बूथची लाइन कापली. खोकी एका पोरानं मोबाइल रिचार्जसाठी घेतली. बाहेरचा बाक तसाच राहिला आणि अन्वरभाई त्यावर बसू लागले. सकाळी शमीमआपा आणून बसवायच्या, दुपारी न्यायला यायच्या.

त्यांना मी शेवटचं नीट बघितलं ते २००७च्या फेब्रुवारीत. कुंभार पिंपळगावला मोजणी होती, ती उरकून दुपारच्या एसटीनं उतरलो. ते बाकावर एकटे होते. कानात तो संच होता, संस्थेचा. त्याची वायर खाली लोंबत होती, कशालाच लावलेली नव्हती. उजव्या हाताचं मधलं बोट गुडघ्यावर टेकत होतं. टेकायचं आणि थांबायचं. मान डावीकडं, उजवीकडं. पुन्हा टेकायचं. जुनी पद्धत.

मी सहा-सात फुटांवर उभा राहिलो. माझ्या पायाचा आवाज त्यांना कळला असणार. मी मोजत होतो, ती सवय जात नाही. बारा. तेरा. चौदा. चौदाला ते थांबले, मान तिरपी केली. बराच वेळ ऐकलं. मग आणखी तीन पावलं टाकली, एकेक करून, आणि मग डावीकडं वळले. पुढची बावीस पावलं टाकायला त्यांना किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही. उजवीकडं नऊ. तिथं अंगठ्यानं गुडघ्यावर टाळीची कळ दाबली. एकदा. थोडं थांबून पुन्हा. असं पाच वेळा. प्रत्येक वेळी कुणी तरी आत आल्यासारखं ते बाजूला सरकत होते. पाचव्या वेळी जास्त थांबले.

मी हाक मारली नाही. घरी गेलो.

मार्चअखेर त्यांना कावीळ झाली. अंबडला नेलं, तिथून जालन्याला. ११ एप्रिलला गेले. मातीला मी होतो.

अनामतीचे पैसे मिळावेत म्हणून मी संस्थेकडं अर्ज केला, मूळ पावती जोडली, वारस म्हणून बहिणीचं नाव दिलं. धनादेश जुलैमध्ये आला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: अनामत पंधराशे, वजा कानाचा संच एक, परत न आल्याबद्दल, पंच्याऐंशी. मी शमीमआपांना म्हणालो, संच घरात असेल तर पाठवून देतो, पंच्याऐंशी रुपये सुटतील.

त्या म्हणाल्या, "उसके सिरहाने था, भाईसाब. मैं नै देती."

धनादेश वटवून आणला. दिनांक २८ जुलै २००७. हजर शमीमआपा आणि मी. चौदाशे पंधरा रुपये त्यांच्या हातात दिले, त्यांनी दोनदा मोजले आणि मी आणलेल्या कागदावर अंगठा केला.